चार सेकंद

मी तोर्निकेचे अडखळणे कापते.
अकरा वर्षे झाली.
त्बिलिसीत, डोंगराखालच्या त्या पिवळ्या इमारतीच्या तळघरात,
डोक्यावर वाफेचे पाइप, समोर दोन पडदे.
त्याचे भाष्य साडेसातला रेकॉर्ड होते, नऊला हवेत जाते.
मधल्या दीड तासात
त्याचे 'म्हणजे', त्याचे 'तर... तर',
ओठ ओले करतानाचा तो चिकट आवाज
मी वेचून बाहेर काढते,
आई राजम्यातले खडे वेचते तसे.
नऊ वाजता तोर्निके बोलतो
लोण्यातून सुरी जावी तसा.

तोर्निके आमच्या संचालकांचा धर्मपुत्र.
बाप्तिस्म्याच्या पाण्यावर ज्याला एकदा धरले
त्याला आयुष्यभर सोडायचे नसते इथे.
आला तेव्हा माझ्याच शेजारी बसवला होता शिकायला.
कुठली केबल कशात, हे दोनदा विचारायचा.
तिसऱ्या वर्षी वार्ताहर.
पाचव्या वर्षी भाष्यकार.
या सोमवारी वृत्तप्रमुख.
मी वरिष्ठ संकलक.
'वरिष्ठ' हा शब्द मला पगारवाढीऐवजी मिळाला.

नेमणुकीची मेजवानी शहराबाहेर झाली, द्राक्षांच्या मांडवाखाली.
एका टोकाला बातोनो ओतार,
मग ती माणसे ज्यांच्या मुलांची नावे त्यांना पाठ आहेत,
मग ड्रायव्हर,
मग आम्ही.
खिंकाली आमच्यापर्यंत आली तेव्हा आतला रस्सा गोठला होता.
पंक्तिप्रपंच म्हणायचे तर तसेही नाही,
वाढणारा चांगला होता बिचारा,
टेबलच लांब होते.
पहिला पेला देवाचा, दुसरा देशाचा,
चौदाव्याला कुणीतरी ओरडले,
'आणि आपल्या तळघरातल्या मुलींचा!'
मी सेहेचाळीस वर्षांची आहे.
लामारा कानात म्हणाली, 'एतेरी, हस.'
हसले.

गेल्या वर्षी बातुमीच्या कार्यालयाची जागा निघाली,
तेव्हा अर्ज केला होता मी.
ओतार म्हणाले, 'तू गेलीस तर इथलं कोण बघणार गं?'
प्रेमाने म्हणाले. खरेच प्रेमाने.
कुलूप माझेच होते,
आणि रोज त्याला तेल घालून चकचकीत ठेवणारीही मीच.

कापलेले मी फेकत नाही.
'हवामान, जुने' नावाच्या फोल्डरमध्ये आहे सगळे.
सलग जोडले तर दोन तास चाळीस मिनिटे
तोर्निके नुसता श्वास घेतो, गिळतो, शब्द शोधतो.
कधीकधी ऐकते.
तिथे तो मला आवडतो.
हे लामारालाही सांगितलेले नाही.

मंगळवारी काचेच्या कारखान्याची बातमी होती.
चारशे बारा माणसे घरी.
तो आकड्यावर अडला.
चार सेकंद. डोळे कोरे, तोंड अर्धे उघडे.
माझे बोट कळीवर गेले,
आणि मी ते उचलून चहाच्या कपाभोवती ठेवले.
जाऊ दे, म्हटले. एकदा दिसू दे सगळ्यांना.

नऊ वाजून वीस मिनिटांनी आईचा फोन.
'तुमचा तो मुलगा, बाई,
किती वेळ थांबला गं त्या माणसांसाठी!
मला तर रडूच आलं.'

सकाळी ओतारांचे पत्र सर्वांना:
मौनाचा असा वापर आजवर कुणी केला नव्हता.

दुपारी तोर्निके खाली आला.
वृत्तप्रमुख झाल्यापासून पहिल्यांदाच.
दारात उभा राहिला.
'ते काल... म्हणजे... तर तू...'
इथे कापायला काही नव्हते माझ्या हाताशी.
मी थांबले.
चार सेकंद. सात. अकरा.
मग वरून कुणीतरी त्याला हाक मारली.

जाताना पायात केबल अडकली.
वाकून, नीट गुंडाळून त्याने ती खुंटीला लावली.
उलटी.
मी शिकवले होते तशी नाही.

तो जिना चढेपर्यंत वाट पाहिली,
मग काढली, सोडवली,
परत गुंडाळली.